गुंतागुंतीच्या बदलाचं नेतृत्व कसं शिकायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामाजिक संस्थांमधले कार्यकर्ते, सहकारी संघांचे व्यवस्थापक, छोटे उद्योजक आणि काही सरकारी अधिकारी यांच्यासाठी मी नेतृत्वाचे वर्ग घेते. वर्ग संपल्यावरही त्यांचे प्रश्न येत राहतात, आणि त्यातले बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एक उत्तर दुसऱ्यात शिरतं, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘गुंतागुंतीचा बदल’ म्हणजे नेमकं काय? सगळीच कामं अवघड असतात ना?

असतात. पण अवघड आणि गुंतागुंतीचं यांत फरक आहे. धरण बांधणं अवघड आहे, तरी ते कसं बांधायचं हे जाणणारी माणसं सापडतात. धरणामुळे उठलेल्या गावाने नव्या जागी पुन्हा गाव म्हणून कसं उभं राहायचं, हे मात्र कोणालाच आधी ठाऊक नसतं. गावकऱ्यांनाही नाही, अधिकाऱ्यांनाही नाही. शिवाय तुम्ही एक पाऊल टाकलं की प्रश्नाचं रूपच बदलतं.

हार्वर्डमध्ये शिकवणारे रोनाल्ड हायफेट्झ यांनी या फरकाची चांगली मांडणी केली आहे. काही प्रश्न तज्ज्ञांच्या ज्ञानाने सुटतात. काही मात्र तेव्हाच सुटतात, जेव्हा ज्यांचा प्रश्न आहे ती माणसं स्वतःच्या सवयी, निष्ठा आणि समजुती बदलतात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच कामात मिसळलेले असतात. जुलाबावर मीठ, साखर आणि पाण्याचं द्रावण चालतं, हे ढाका आणि कोलकात्यातल्या संशोधकांनी शोधलं. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. तज्ज्ञांचा भाग तिथे संपला. ते द्रावण घरोघरच्या आयांच्या हातात जाण्याची गोष्ट त्यापुढे सुरू झाली, ती प्रश्न १० मध्ये आहे.

२. हे नेतृत्व शिकता येतं का? की काही माणसं जन्मतःच तशी असतात?

शिकता येतं. मी हे ठामपणे सांगते, कारण ज्यांना आपण जन्मजात नेते समजतो त्यांच्या सुरुवाती पाहिल्या तर त्या बऱ्याचदा अगदी साध्या निघतात. वर्गीस कुरियन १९४९ मध्ये आणंदला आले ते सरकारी शिष्यवृत्तीच्या कराराने बांधलेले होते म्हणून. शिक्षणाने इंजिनियर होते आणि तिथून कधी सुटतो याची वाट पाहत होते. खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांचा संघ त्याआधीच, १९४६ मध्ये, उभा राहिला होता आणि त्याचं नेतृत्व त्रिभुवनदास पटेल करत होते. करार संपल्यावर त्यांच्या आग्रहाखातर कुरियन थांबले, आणि जे शिकले ते थांबल्यामुळे शिकले: शेतकरी काय मागतो, दलाल कुठे अडवतो, म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं सगळे म्हणत असताना ती कोण करून दाखवू शकतो. (ती एच. एम. दलाया यांनी करून दाखवली.)

माझं एक निरीक्षण आहे आणि ते या पानावर पुन्हा पुन्हा येईल. आपल्या निर्णयाचा परिणाम दिसेपर्यंत जो जागेवर राहतो, तोच या कामात शिकतो. दर दोन वर्षांनी प्रकल्प बदलणारी हुशार माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे अनुभवांची यादी मोठी असते, पण आपलं काय चुकलं हे त्यांना कधी कळलेलंच नसतं.

३. माझं वय ५० च्या पुढे आहे. आता शिकून काय उपयोग?

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यानंतर, १९७६ मध्ये, त्यांनी मदुराईला ११ खाटांचं नेत्ररुग्णालय सुरू केलं. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटं वाकडी झालेली होती. आज ‘अरविंद’ जगातल्या सर्वांत मोठ्या नेत्रसेवा संस्थांपैकी एक आहे. अर्ज करा.

४. उदयोन्मुख अर्थव्यवस्थांमध्ये वेगळं काय असतं? नेतृत्वाची तत्त्वं सगळीकडे सारखीच ना?

माणसांचे स्वभाव सारखेच असतात, पण पायाखालची जमीन वेगळी असते. श्रीमंत देशांत बदल घडवणारा माणूस बऱ्याच गोष्टी गृहीत धरतो: कामगाराची नोंद आहे, बँकेत खातं आहे, जमिनीचा कागद आहे, न्यायालय वाजवी वेळेत निकाल देतं. इथे यातलं एकेक आधी उभारावं लागतं, आणि तेही मूळ काम चालू असताना.

‘सेवा’चं उदाहरण घ्या. १९७२ मध्ये इला भट्ट अहमदाबादमध्ये पाटीवाल्या, विडी वळणाऱ्या, फेरीवाल्या बायकांची कामगार संघटना नोंदवायला गेल्या. अडचण अशी की या बायकांना मालकच नव्हता. मालक नाही तर संघटना कोणाविरुद्ध, असा कार्यालयाचा प्रश्न. संघटना मालकाविरुद्धच असते असं नाही, ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते, हे पटवून नोंदणी मिळवावी लागली. पुढे कर्जाचा प्रश्न आला, आणि बँकांना या बायका ग्राहक वाटत नव्हत्या. तेव्हा १९७४ मध्ये ४००० सभासदांनी प्रत्येकी १० रुपये घालून स्वतःची बँक काढली. मजुरीसाठी लढायचं, त्यासाठी ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या रुंद करायची आणि त्यासाठी बँकही चालवायची, असं तिहेरी काम आहे हे.

दुसरा फरक वेगाचा. एकाच घरात एक पिढी निरक्षर आणि पुढची मोबाइलवर व्यवहार करणारी असते. त्यामुळे एकाच योजनेचे अर्थ घरातल्या घरात वेगळे लागतात.

५. सामाजिक बदल आणि व्यवसायातला बदल एकत्र का शिकवता? दोन्हींची उद्दिष्टं वेगळी आहेत.

उद्दिष्टं वेगळी असतील, काम मात्र एकमेकांत अडकलेलं असतं. केनियात एका प्रयोगात सूक्ष्मकर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरण्याची सोय करून पाहिली गेली. २००५ च्या त्या चाचणीत दिसलं की लोक हप्त्यांपलीकडे जाऊन एकमेकांना पैसे पाठवायला ती सोय वापरतायत. शहरात राबणारा माणूस गावाकडे पैसे धाडत होता. चालवणाऱ्यांनी आपला मूळ आराखडा बाजूला ठेवला आणि मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ पैसे पाठवण्याची सेवा म्हणून सुरू झाली. हा धंद्याचा निर्णय होता, आणि बँकेचं दार कधी न उघडलेल्या लाखो माणसांचं जगणंही त्यातून बदललं. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने नवी सेवा सुरू होऊ दिली, डोळ्यांत तेल घालून लक्षही ठेवलं, म्हणून ते जमलं. कंपनी, सरकार आणि वापरणारे, तिघांपैकी एकाचीच भाषा येणारा माणूस तिथे अपुरा पडला असता.

६. कोणता अभ्यासक्रम निवडू? पदवी घेऊन नेतृत्व येतं का?

पदवीने ओळखी होतात, शब्द मिळतात, थोडा आत्मविश्वास येतो. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. पण निवडताना मी पुढचं विचारायला सांगते.

वर्गाबाहेर किती दिवस काढावे लागतात? आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था १९७९ मध्ये सुरू झाली. तिथे विद्यार्थ्याला गावात जाऊन राहावं लागतं आणि तो अभ्यासाचाच भाग धरला जातो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही क्षेत्रकार्याला मोठी जागा आहे. मध्य अमेरिकेत १९६४ पासून चालणारी ‘इन्काए’ ही व्यवस्थापन संस्था तिथल्याच देशांतल्या कंपन्या आणि सरकारांची उदाहरणं वर्गात आणते. परदेशी उदाहरणं वाईट असतात असं नाही, पण कायद्याचं राज्य गृहीत धरणारं उदाहरण वाचून तुम्ही परत आलात तर पहिल्याच आठवड्यात अडखळाल.

वर्गात शेजारी कोण बसणार? सगळे एकाच क्षेत्रातले असतील तर सोपं जातं आणि शिकणं कमी होतं. बँकेतला अधिकारी, कामगार नेता आणि शाळेची मुख्याध्यापिका एका गटात असली की भांडणं होतात. ती भांडणं हाच निम्मा अभ्यासक्रम आहे.

तुमचा स्वतःचा चालू प्रश्न वर्गात आणता येतो का? माझ्या मते हा निर्णायक मुद्दा. ज्या अभ्यासक्रमात केवळ दुसऱ्यांच्या यशोगाथा चर्चिल्या जातात, त्यात तुम्ही टीकाकार होता. स्वतःचा न सुटणारा प्रश्न टेबलावर मांडला की घाम फुटतो.

आणि अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने कोणी विचारपूस करतं का? बहुतेक ठिकाणी करत नाहीत. जिथे करतात तिथे जा.

७. कोर्ससाठी वेळ नाही आणि पैसेही नाहीत. घरबसल्या, नोकरी सांभाळून काय करता येईल?

पाच-सहा जणांचा गट करा. महिन्यातून एकदा भेटा. प्रत्येक वेळी एकाने आपला चालू प्रश्न मांडायचा आणि बाकीच्यांनी पहिला तासभर प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. ही पद्धत रेग रेव्हन्स यांची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना त्यांनी एकमेकांच्या अडचणींतून शिकायला लावलं. बाहेरचा तज्ज्ञ आणण्याऐवजी, ज्यांच्या डोक्यावर जबाबदारी आहे अशांनाच समोरासमोर बसवायचं, हा त्यांचा आग्रह होता. ‘सल्ला नाही’ हा नियम पहिल्या दोन बैठकांत मोडला जाईल. मोडणाऱ्याला थांबवायचं काम आळीपाळीने एकेकाकडे द्या.

दुसरी गोष्ट, एक वही ठेवा. कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी त्यात लिहा: मी काय करणार आहे, काय होईल असं मला वाटतं, का वाटतं. तारीख घाला. सहा महिन्यांनी ते पान उघडा. आपल्या अंदाजांची आठवण आपण सोयीने बदलत असतो, वही ते करू देत नाही. मी स्वतः ही सवय उशिरा लावली. एका पाणी प्रकल्पात बायका बैठकांना येत नाहीत, म्हणजे त्यांना रस नाही, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. कारण वेगळंच निघालं: बैठकीची वेळ आणि पाणी सुटण्याची वेळ एकच होती. ते पान अजून जपून ठेवलंय.

८. सुरुवात कुठून करायची? आधी पूर्ण आराखडा करावा की लहान प्रयोग?

लहान प्रयोग. पण त्याही आधी एक पायरी असते, ती बहुतेक जण ओलांडून जातात. हा प्रश्न आधीच कोणी सोडवलाय का, हे त्याच वस्तीत शोधायचं.

१९९० मध्ये जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं व्हिएतनाममध्ये गेलं. मुलांच्या कुपोषणावर काम करायचं होतं आणि सरकारने हातात सहा महिनेच दिले होते. अन्नवाटपासाठी पैसा नव्हता. थान होआ प्रांतातल्या गावांत त्यांनी गावकऱ्यांनाच मुलांची वजनं करायला लावली आणि विचारलं: अत्यंत गरीब असूनही ज्यांचं मूल सुदृढ आहे असं एखादं घर आहे का? होतं. एक नव्हे, कित्येक. त्या घरांतल्या आया भातखाचरातले बारीक खेकडे आणि कोळंबी वेचून, रताळ्याच्या पाल्यासोबत मुलांच्या जेवणात घालत. इतरांच्या मते ते मुलांचं अन्न नव्हतं. त्या मुलांना दिवसातून जास्त वेळा, थोडं थोडं भरवत आणि हातही धूत.

आता इथे एखाद्याने पोषणावर भाषण ठेवलं असतं. त्यांनी ठेवलं नाही. इतर आयांना एकत्र स्वयंपाकाला बोलावलं आणि येताना मूठभर खेकडे-कोळंबी स्वतः वेचून आणायची अट घातली. रोज वेचायची सवय लागली, ज्ञान मागून आलं. मला ही गोष्ट अतिशय प्रिय आहे, कारण यात बाहेरून आलेल्या माणसाने उत्तर आणलं नाही, शोधण्याची रीत आणली.

मोठ्या पातळीवरही लहान सुरुवात चालते. चीनने १९८० मध्ये परकीय भांडवलासाठी देश एकदम खुला केला नाही. शेनझेन, झुहाई, शांतौ आणि श्यामेन या चार विशेष क्षेत्रांत आधी करून पाहिलं. दगड चाचपत नदी ओलांडायची, अशी त्यांच्याकडे त्या काळात म्हण रूढ झाली. मात्र पहिला प्रयोग कुठे घेता याचाही विचार करा. सगळ्यांत उत्साही गावात केलेला प्रयोग बाकीच्या गावांबद्दल फारसं काही सांगत नाही.

९. लोकांच्या भल्याचंच करतोय, तरी लोक विरोध करतात. अडाणीपणाला काय करायचं?

पत्रं येतात त्यात हा प्रश्न सर्वांत जास्त आणि याच शब्दांत असतो. आधी ‘अडाणीपणा’ हा शब्द वहीतून खोडा. विरोध करणाऱ्याला काहीतरी गमावण्याची भीती असते: पैसा, मान, वेळ, ओळख, किंवा एखाद्या जुन्या अनुभवावरून आलेली सावधगिरी. ते काय आहे हे सापडेपर्यंत तुमचं काम सुरूच झालेलं नाही.

२००३ मध्ये नायजेरियाच्या कानो आणि शेजारच्या काही राज्यांनी पोलिओची लस थांबवली. लशीने मुली वांझ होतात अशी अफवा होती. बाहेरून पाहणाऱ्यांनी लगेच अंधश्रद्धेचा शिक्का मारला. पण १९९६ मध्ये याच कानोत मेंदूज्वराच्या साथीत एका परदेशी कंपनीने मुलांवर औषधाची चाचणी घेतली होती आणि त्यावरून गंभीर आरोप आणि खटले झाले होते. साध्या तापाला औषध मिळत नसताना एकाच रोगासाठी फुकट लस घेऊन माणसं वारंवार दारात का येतात, हाही लोकांचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. बहिष्काराची किंमत मोठी पडली. पोलिओ आधी आटोक्यात आलेल्या अनेक देशांत परत पसरला. कोंडी फुटली ती धार्मिक आणि पारंपरिक नेत्यांना बरोबर घेऊन, लशीची नव्याने तपासणी करून आणि इंडोनेशियात बनलेली लस आणून. आफ्रिका खंड जंगली पोलिओपासून मुक्त झाल्याचं ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झालं.

यातला धडा विश्वास कमवायला अमुक दिवस लागतात असा नाही. विरोधकाला आठवणारी घटना तुम्हाला माहीत नसते, हा आहे. ती विचारा. जुनी माणसं सांगतात.

१०. देणगीदार दर तिमाहीला आकडे मागतात. बदल आकड्यांत कसा दाखवायचा?

आकडे द्या, पण कोणता आकडा मोजायचा हे शक्यतो स्वतः ठरवा. प्रशिक्षण घेतलेल्यांची संख्या हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी आकडा आहे.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी बनवायला शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरांपर्यंत ते गेले. किती घरं केली यावर कार्यकर्तीला पैसे मिळत नसत. काही आठवड्यांनी दुसरा माणूस जाऊन काही आयांची परीक्षा घेई आणि आईला किती आठवतं त्यानुसार शिकवणारीची कमाई ठरे. मोजमाप इतकं नेमकं असल्याने शिकवणंही सुधारलं.

तरी पुढे लक्षात आलं की आयांना कृती पाठ आहे, पण मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या जणी ती वापरतात. चौकशी केली तर समजलं की शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता; स्वतःला जुलाब झाले की त्या दुसरंच औषध घेत. मग त्यांना आजाराचं आणि उपायाचं कारण नीट समजावलं, आणि घरातल्या पुरुषांनाही चर्चेत घेतलं, कारण बाहेरून औषध आणायचं की नाही हे तेच ठरवत. पहिला आकडा उत्तम असताना दुसरा शोधायला गेले, म्हणून हे सापडलं. तुमच्या तिमाही अहवालात ‘आम्हाला काय अनपेक्षित दिसलं’ असा एक परिच्छेद जोडा. न मागता जोडा. चांगला देणगीदार तोच आधी वाचतो.

११. माझ्याकडे पद नाही, अधिकार नाही. मी काय नेतृत्व करणार?

पद असलेल्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी तुम्हाला दिसतात, तिथून सुरुवात. १९७० मध्ये जामखेडला काम सुरू करणाऱ्या रजनीकांत आणि मेबेल आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या. सुरुवातीला त्यांच्या हातचं पाणीही कोणी घेत नसे. बाळंतपणं सुखरूप होऊ लागली, मुलं वाचू लागली, तसं त्यांचं वजन वाढत गेलं, आणि पुढे गावाच्या इतर प्रश्नांतही लोक त्यांचं ऐकू लागले. अधिकार कोणी दिला नाही, उपयोगी पडण्यातून तो आला. मात्र त्यांच्या मागे नियमित प्रशिक्षण आणि डॉक्टरांचा भक्कम आधार होता. एकट्याने झुंजू नका.

१२. दोन गट एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. एकत्र बैठक घेतली तर फक्त आरोप होतात. काय करू?

‘काय व्हायला हवं’ हा प्रश्न काही काळ बैठकीबाहेर ठेवा.

१९९१-९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपत होती, नवी आलेली नव्हती आणि हिंसा चालू होती. तेव्हा केपटाउनजवळच्या माँ फ्लरला २२ जण काही वेळा एकत्र बसले: डाव्या चळवळीतले, कामगार नेते, अर्थतज्ज्ञ, कंपन्यांचे अधिकारी, गोरे आणि काळे. नियम असा की तुम्हाला काय हवंय ते बोलायचं नाही, पुढच्या दहा वर्षांत काय होऊ शकतं एवढंच बोलायचं. त्यातून चार गोष्टी तयार झाल्या. एकीत सरकार शहामृगासारखं वाळूत डोकं खुपसतं. दुसरीत लंगड्या बदकासारखं दुबळं संक्रमण लांबत जातं. तिसरीत नवं सरकार ग्रीक पुराणकथेतल्या इकॅरससारखं खूप उंच उडतं, वाटेल तसा खर्च करतं आणि कोसळतं. चौथीत फ्लेमिंगोंचा थवा हळूहळू, पण सगळे मिळून वर चढतो. त्या गोष्टी देशभर चर्चिल्या गेल्या. विशेषतः तिसरीने डाव्या मंडळींना आर्थिक शिस्तीवर आपसांत बोलायची जागा दिली, आणि ती त्यांच्यातल्याच माणसांनी रचलेली असल्याने शत्रूचा प्रचार म्हणून झटकता आली नाही.

तुमच्या बैठकीत प्राणी-पक्षी नको असतील तर नका आणू. पण ‘असंच चालू राहिलं तर पाच वर्षांनी इथे काय असेल’ हा प्रश्न दोन्ही गटांच्या मिश्र जोड्यांना द्या आणि उत्तर गोष्टीच्या रूपात मागा.

१३. एका ठिकाणी उत्तम चाललं. आता दहा जिल्ह्यांत न्यायचंय. कशाची काळजी घ्यावी?

वेगाची. आणंदची घडी बसायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाल्यावर ती देशभर न्यायला आणखी पाव शतक लागलं, आणि तरी सगळ्या राज्यांत ती सारखी रुजली नाही. जिथे संघ खरोखर उत्पादकांच्या हातात राहिला नाही, तिथे पाटी तीच राहिली, आतलं काम वेगळं झालं.

उलट उदाहरण सूक्ष्मकर्जाचं. बांगलादेशात १९७६ मध्ये जोब्रा गावातून सुरू झालेली कल्पना जगभर गेली. आंध्र प्रदेशात कर्ज देणाऱ्या कंपन्या इतक्या वेगाने वाढल्या की त्याच बायकांना चार-चार ठिकाणांहून कर्ज मिळू लागलं आणि वसुलीचा जाच सुरू झाला. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली जवळजवळ ठप्प झाली. कर्जाची रक्कम, हप्ते, गट हे दिसणारं सगळं नेलं होतं. दर आठवड्याला समोर बसणारा, घरची परिस्थिती ओळखणारा माणूस मात्र त्या वेगात मागे पडला.

म्हणून नेण्याआधी सहकाऱ्यांना विचारा: आपल्याकडे हे कोणामुळे चालतं? ज्याचं नाव येईल त्याचं रोजचं काम लिहून काढा. बहुतेक वेळा ते काम तुमच्या माहितीपुस्तिकेत नसतं.

१४. आमच्या कामामुळेच नुकसान झालं तर? हेतू चांगला होता.

हेतूने नुकसान भरून येत नाही, आणि हे स्वतःला सांगणं फार जड जातं. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून सरकार आणि मदत संस्थांनी कूपनलिका खोदल्या. तळी-नद्यांच्या दूषित पाण्याने मुलं मरत होती, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा होता. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं निश्चित झालं. तोवर कोट्यवधी लोक ते पीत होते. नंतर नळकांड्यांना रंग दिले गेले, धोक्याचं लाल आणि सुरक्षित हिरवं. पण स्वतःच्या दारातलं लाल आणि शेजारच्या दारातलं हिरवं असेल तर रोज त्या शेजाऱ्याच्या मर्जीवर जगावं लागतं. म्हणजे दुरुस्तीही तांत्रिक राहिली नाही.

तुमच्या बाबतीत असं घडलं तर तीन गोष्टी लगेच करा. ज्यांचं नुकसान झालं त्यांना इतरांच्या आधी तुम्ही स्वतः सांगा. काम थांबवल्याने नवं नुकसान होणार असेल तर पर्याय उभा राहीपर्यंत ते एकदम बंद करू नका. आणि सोडून जाऊ नका.

१५. सरकार बदललं की योजना बंद पडते. त्यापासून कसं वाचायचं?

पूर्णपणे वाचता येत नाही. मेक्सिकोत १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ सुरू झाली: मुलं शाळेत आणि दवाखान्यात नेली तर आईच्या हातात रोख रक्कम. पहिल्यापासून मूल्यमापन आत बांधलेलं होतं. ५०६ गावांपैकी ३२० ना आधी आणि १८६ ना नंतर लाभ दिला गेला, म्हणजे तुलना करता यावी. २००० मध्ये सत्तांतर झालं. नव्या सरकारने नाव बदललं, योजना मात्र ठेवली आणि वाढवली, कारण पुरावा टाळण्यासारखा नव्हता. २०१९ मध्ये आणखी एका सरकारने ती बंद केली. पुराव्याने वीस-बावीस वर्षं दिली.

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक बैठकांमधून अंदाजपत्रकाची प्राधान्यं ठरवत. ते २०१७ मध्ये थांबवलं गेलं. पण तोवर ती रीत जगभरच्या शेकडो शहरांत पोहोचली होती. आपलं काम दुसरीकडे रुजवणं हाही बचावाचा एक मार्ग आहे (वेगाबद्दलचा इशारा प्रश्न १३ मध्ये).

१६. परवानगीसाठी लाच मागतात. तत्त्व सांभाळलं तर काम अडतं आणि नुकसान गरिबांचंच होतं. मग?

देऊ नका. एकदा दिली की तुमच्या कामाचा दर ठरतो आणि तो पुढच्या प्रत्येक संस्थेला भरावा लागतो. हे सांगणं सोपं आहे याची मला जाणीव आहे, म्हणून सोबत एवढं करा: प्रकल्पाच्या वेळापत्रकात सुरुवातीलाच उशिराची जागा धरा, अर्ज एकट्याने न देता गावकऱ्यांसह जा, प्रत्येक कागदाची पोच घ्या. घाईत असलेल्या माणसाकडेच लाच मागितली जाते.

धमकी असेल, जिवावर बेतत असेल, तर हा नेतृत्वाचा प्रश्न राहत नाही. आधी सुरक्षित व्हा, वकील गाठा.

१७. आम्ही कधी बाजूला व्हावं? संस्थापक असल्याने माझ्याशिवाय पान हलत नाही.

पान हलत नाही ही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही, हे तुम्हालाही कळतंय म्हणून तुम्ही विचारताय. फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये ब्रॅक सुरू केली. २००१ मध्ये ते कार्यकारी संचालकपदावरून बाजूला झाले आणि अध्यक्ष म्हणून राहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेही पद सोडलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. संस्था चालू राहिली.

मी ‘थांबा, परिणाम बघा’ असं सतत सांगते, आणि इथे ‘बाजूला व्हा’ म्हणते, यात विसंगती वाटेल. निर्णय दुसऱ्याच्या हाती द्या आणि त्याचा परिणाम बघायला जवळ राहा. पहिल्या वर्षी एकच मोठा निर्णय पूर्णपणे सोपवा, उदाहरणार्थ नव्या लोकांची भरती. त्या मुलाखतींना तुम्ही जाऊ नका. प्रश्न ७ मधली वही उघडून तुमचा अंदाज लिहा आणि पान बंद करून ठेवा. सहा महिन्यांनी ते पान आणि नव्याने आलेली माणसं, दोन्ही समोर ठेवून तुमच्या उत्तराधिकाऱ्याशी बोला. तो संवाद झाला की पुढचा निर्णय सोपवा.